बांधलेला आयडी

तळघरातल्या गेमिंग कॅफेत रविवारी दुपारी पाय ठेवायला जागा नव्हती. वीसच्या वीस मशीनं चालू, पण खेळत कोणीच नव्हतं. सगळ्यांच्या माना एकाच कोपऱ्याकडे वळलेल्या. तिथे लेव्हलबाबा एका कुरिअरवाल्याच्या मॉनिटरवर तळहात टेकून, डोळे मिटून उभा होता.

"बांधलाय!" बाबा गरजला. "करणी करून आयडी बांधलाय तुझा, गेममधलं खातंच! सर्व्हरमधून उलटी ऊर्जा येतेय. सलग किती हरलास?"

"सहा."

"बघा! मला आधीच दिसले होते सहा!"

मग विचारलं कशाला, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. बाबाने माउसला तांब्याची तार गुंडाळली, तीन फुंकरा मारल्या आणि हुकूम सोडला, "तीन दिवस गेमला हात लावायचा नाही. चौथ्या दिवशी बस. रस्ता मोकळा!"

"खरंच होतो मोकळा!" मागून कोणीतरी ओरडलं. "मी चारपैकी तीन जिंकलो!" टाळ्या पडल्या.

रांगेत दोघी बहिणींतली मोठीही उभी होती. दिवसभर चष्म्याच्या दुकानात काचा घासायच्या आणि संध्याकाळी दोन तास हा पाच-पाच जणांच्या लढाईचा गेम खेळायचा, असा तिचा क्रम. आठ महिने ती रुपेरी गटात अडकून पडली होती. दोन पायऱ्या चढून सोनेरी गट दिसू लागला, की घसरून पुन्हा खाली. काच घासतानाही डोळ्यांपुढे रँकच. खेळावंसं वाटत नव्हतं आणि थांबवतही नव्हतं.

महिन्यापूर्वी बाबाने तिच्याही माउसला तार बांधली होती. तेव्हा ती लागोपाठ पाच सामने जिंकली, मग पुन्हा घसरगुंडी. जाब विचारायला गेली, तर बाबा म्हणाला, "तार काय करणार? तुझ्या टीममध्ये जड सावलीचं माणूस आहे. अगदी जवळचं."

जवळचं म्हणजे धाकटी. सख्खी बहीण. लढाईत मोठीच्या मागे राहून तिच्या जखमा भरून काढायची, कधी पुढे पुढे करायची नाही. त्याच संध्याकाळी मोठी तिला म्हणाली, "तुझ्यामुळे सडतेय मी इथे. माझ्याबरोबर खेळू नकोस."

धाकटीने हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि उठून गेली. तेव्हापासून एकाच घरात दोघी वेगवेगळ्या वेळी जेवत होत्या. रँक मात्र जिथल्या तिथे, म्हणून आज मोठी पुन्हा तारेसाठी आली होती.

रांग पुढे सरकली, तेवढ्यात मोठीच्या खांद्यावर हात पडला. मावशी! ती शाळेत बुद्धिबळ शिकवायची. धाकटीने रडत रडत तिला सगळं सांगितलं होतं.

"बाबा, एक विचारू?" मावशीने आवाज चढवला. "जिंकत असताना कोणी आलंय का तुमच्याकडे, आजवर?"

"जिंकणारा कशाला येईल, बाई?"

"तेच तर! रांगेत दहा जण आहेत. चिठ्ठ्या टाकू. पाच जणांना तार, पाच जणांना काही नाही. तीन दिवस सगळेच थांबतील, मग प्रत्येकाने दहा सामने खेळायचे. पुढच्या रविवारी मोजू."

"शक्तीची परीक्षा घेऊ नये..." बाबा चाचरला, पण गर्दीला चेव चढला होता. "होऊन जाऊ द्या!"

मोठीची चिठ्ठी कोरी निघाली. आता आठवडाभर तिला कसलंच कवच नव्हतं, तारेविना. चौथ्या दिवशी ती खेळायला बसली. दहापैकी सहा जिंकली.

रविवारी हिशेब लागला. तारवाले पन्नासपैकी सत्तावीस जिंकले होते, बिनतारवाले अठ्ठावीस.

"माझी नजर सगळ्यांवरच पडली होती!" बाबा म्हणाला.

"मग तार कशाला हो?" कुरिअरवाल्याने विचारलं, आणि अख्खं तळघर हसलं.

"ऐका," मावशी म्हणाली. "बुद्धिबळात असतो तसा हा गेम प्रत्येकाचा एक आकडा ठेवतो. जिंकलात की चढतो, हरलात की उतरतो. आणि समोर माणसं आणतो ती त्याच आकड्याच्या आसपासची. सलग सहा हरलात की आकडा उतरतो, समोरचे सोपे येतात. शिवाय वाईट दिवस काही कायमचे नसतात. मग जिंकायला लागता. बाबाकडे तुम्ही येता नेमके त्याआधी, आणि श्रेय खाते तार."

"आणि माझे आठ महिने?" मोठीने विचारलं.

मावशीने तिला जुन्या सामन्यांची यादी उघडायला लावली. चारशे सामने, दोनशे तीन विजय. "निम्मे जिंकतेस, म्हणजे गेमने तुला बरोबर तुझ्या जागी बसवलंय. कोणी बांधलेलं नाही. खेळ सुधारला तरच आकडा हलेल." मग तिने यादी खाली सरकवली. "धाकटी टीममध्ये असताना निम्मे. तिने खेळणं सोडल्यावरही निम्मेच."

मोठीला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण आता दोष ठेवायला कोणीच उरलं नव्हतं.

घरी जाऊन ती धाकटीच्या दारात उभी राहिली. "चुकलं माझं. बाबाने सांगितलं म्हणून..."

"सडतेय असं तू म्हणालीस, ताई. बाबा नाही."

"खेळशील परत?"

"आज नाही." धाकटी म्हणाली, "जेवायला थांबते हवं तर."

लेव्हलबाबाने आता दुसरा कॅफे गाठलाय म्हणे. तिथेही हरलेल्यांची रांग लागेल, आणि त्यांतले बरेचसे पुढच्या आठवड्यात आपसूक जिंकतील. अशा रांगेत उभं राहण्याआधी एकच प्रश्न विचारा: तार बांधलीच नसती, तर काय झालं असतं? आणि तुमच्या दुःखाचं खापर कोणी तुमच्याच माणसावर फोडू लागला, तर त्याच्याकडे आधी पुरावा मागा. आकडे घसरले तर पुन्हा चढतात. दुखावलेल्या माणसाचं तसं खात्रीने सांगता येत नाही.