कलाक्षेत्रात हळहळ

मी एक जुना शब्द आहे. माझे नाव हळहळ. मला कुणी कारखान्यात घडवले नाही, मित्रांनो. मी माणसांच्या घशात जन्मलो. दूध उतू गेले, नवी बरणी फुटली, शेजारची मुलगी एका गुणाने नापास झाली, की मी आपसूक बाहेर पडायचो. तेव्हा मला मान होता. हळहळणारा माणूस हातातले काम सोडून क्षणभर तरी उभा राहायचा.

पुढे मी वर्तमानपत्रात नोकरीला लागलो. सुरुवातीला कौतुक झाले. एक म्हातारे बातमीदार होते. ते लोकांच्या दारापर्यंत जाऊन, त्यांच्याशी बोलून मगच मला लिहीत. ते निवृत्त झाले आणि माझे हाल सुरू झाले. मृत्यूच्या बातमीखाली जागा उरली, की उपसंपादक कुणालाही न विचारता 'सर्वत्र हळहळ व्यक्त होत आहे' असे ठोकून देत. क्रीडापानावर झेल सुटला, की मी हजर. कलापानाचे तर विचारूच नका. तिथल्या समीक्षकांनी मला गायिकेच्या बसलेल्या आवाजापासून नाट्यगृहाच्या बंद पंख्यापर्यंत सगळीकडे राबवले. मला वाटे, चालायचेच, कामात तर आहोत!

मग एके दिवशी नाट्यगृहात पडदा ओढणारे काका शिडीवरून पडले आणि वारले. बातमी अगदी छोटी होती. खाली जागा उरली. उपसंपादकांनी घड्याळ पाहिले आणि लिहून टाकले, 'त्यांच्या निधनाने कलाक्षेत्रात हळहळ व्यक्त होत आहे.' कलाक्षेत्रातल्या एकालाही त्यांनी फोन केला नव्हता.

काही दिवसांनी काकांची मुलगी ते कात्रण घेऊन कार्यालयात आली. मला वाटले, आता भांडण होणार. पण तिचा आवाज अगदी मऊ होता.

"साहेब, हे कोण कोण हळहळलं, तेवढं सांगाल का?"

"का हो?" उपसंपादक गोंधळले.

"आईनं हे वाचलं आणि शेजारून खुर्च्या मागून आणल्या. म्हणाली, मोठी माणसं भेटायला येतील, त्यांना बसवायचं कुठं? रोज कपबशा पुसून ठेवते. कुणी आलंच नाही. त्यांना घर सापडत नसेल, असं तिला वाटतंय. म्हणून पत्ता द्यायला आलेय."

उपसंपादकांची मान खाली गेली. त्यांनी कलापानाच्या समीक्षकांना हाक मारली.

"अहो, पडदा ओढणारे काका तुमच्या ओळखीचे ना?"

"म्हणजे काय! कित्येक वर्षं बघतोय त्यांना. का?"

"ते गेले."

"काय सांगता! कधी?"

बातमी त्यांच्याच वर्तमानपत्रात, त्यांच्याच पानाच्या पाठीमागे छापलेली होती. समीक्षक हातातले लिखाण सोडून उभे राहिले. "अरेरे, चांगला माणूस हो," एवढेच पुटपुटले. मित्रांनो, किती वर्षांनी मी कुणाच्या तरी घशातून आलो! पण छापून तर मी आधीच आलो होतो.

दोघांनी पत्ता लिहून घेतला. "उद्या नक्की येतो," म्हणाले. तसे मनापासूनच म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी नव्या नाटकाचा पहिला प्रयोग होता, मग पुरवणीची घाई झाली. उद्याचे परवावर गेले आणि जाणे राहूनच गेले.

मुलीने कात्रण घरी नेऊन आरशाच्या कडेला खोचले, म्हणून पुढचे मला दिसले. एका सकाळी आईने खुर्च्या शेजारी परत केल्या. मुलगी चिडली.

"सगळं खोटं छापतात, आई!"

"असं बोलू नये गं," आई म्हणाली. "प्रयोग असतील त्यांचे. प्रयोग टाकून कसे येतील? तुझ्या बाबांनी तरी कधी टाकला होता का?"

मला तिथे तोंड लपवायला जागा नव्हती. ती बाई माझी बाजू घेत होती आणि मी तिच्यासमोर कोरडा लटकत होतो.

मित्रांनो, मला वापरू नका, असे मी म्हणत नाही. पण लिहिण्याआधी निदान एक फोन करा, जमले तर त्या घरी जाऊन या. तुमची ओळ खरी मानून कुणीतरी दार उघडे ठेवून बसलेले असते.