मामांच्या रक्तातला बदनाम मी

मी कोलेस्टेरॉल बोलतोय. झालं? तोंड वाकडं केलंत ना? माहीत होतं मला. पण आता बसलाच आहात तर ऐकून घ्या.

माझा जन्म एका शिंप्याच्या यकृतात झाला. सगळे त्यांना मामा म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. रक्तासोबत फिरता फिरता मी त्यांच्या एका तांबड्या पेशीच्या पटलात जाऊन बसलो. पटल म्हणजे पेशीची कातडी म्हणा. स्निग्ध रेणूंचे दोन थर, डोकी पाण्याकडे आणि शेपट्या आत. पण भिंतीसारखं घट्ट काही नाही हो! शेजारी क्षणाक्षणाला जागा बदलतात. मधूनमधून प्रथिनं असतात, धिप्पाड आणि संथ. एक पाण्याचं दार सांभाळतं, एक क्षारांची ने-आण करतं, काही तर पेशीला आतून आकार देणाऱ्या जाळीला बांधलेलीच.

माझं काम? मधे बसायचं. थंडीत शेपट्या आखडल्या की सैल ठेवायचं, उष्म्यात फार सैल झाल्या की आवरायचं. थोरल्या जावेचं काम म्हणा. सगळ्यांना सांभाळा आणि वर बोलणीही खा.

बोलणी मामींची. डॉक्टरांनी मामांना "कोलेस्टेरॉल वाढलंय" म्हटल्यापासून त्या हात धुऊन माझ्या मागे लागल्या. अंड्यातला बलक बंद, लोणी बंद. मामा कुरकुरले की म्हणायच्या, "जीव प्यारा आहे की जीभ?" माझी गर्दी झाली की रक्तवाहिन्या तुंबतात, हे मी नाकारत नाही. पण म्हणून अगदी हद्दपार?

मग मामांच्या भाचीचे दिवस भरत आले. तिचा रक्तगट दुर्मीळ. रक्तगट म्हणजे आमच्या पटलावरची खूण. मामांची खूण तिच्याशी जुळली. गरज पडलीच तर असावं म्हणून मामांनी आधीच रक्त दिलं. त्या पिशवीत मीही गेलो. दवाखान्याच्या फ्रिजात काय ती थंडी! शेपट्या ताठरायला लागल्या, मी जमेल तेवढं सांभाळून घेतलं.

भाचीला मुलगी झाली, पण रक्तस्राव थांबेना. थांबला तोवर ती पांढरीफटक पडली होती, कुडकुडत होती. पिशवी आली. तेवढी एकच होती. नर्सने ती ट्रेमध्ये ठेवली आणि तपासून घ्यायला दुसऱ्या नर्सला बोलवायला गेली. मामींनी पिशवीला हात लावला.

"अगं बाई! बर्फासारखी गार! पोर आधीच कुडकुडतेय आणि हे हिच्या अंगात सोडणार?"

अंग पुसायला आणलेली कढत पाण्याची बादली कोपऱ्यात होती. मामींनी पिशवी उचलून बादलीवर धरली. मी घाबरलो, सरळ सांगतो. थोडी ऊब मी आवरू शकतो, पण कढत पाण्यापुढे माझं काही चालत नाही. प्रथिनांचे पीळ उलगडतात, पटलं फाटतात, आणि असं फुटलेलं रक्त भाचीच्या जिवावर बेतलं असतं.

"मामी! थांबा!" नर्सने पिशवी ओढून घेतली, चाचपून पाहिली. गारच होती. "गरम केली असतीत तर फेकावी लागली असती. मग दुसरी कुठून आणली असती मी?"

मामींनी हात मागे घेतला. "मी आपली... तिला ऊब मिळावी म्हणून..."

"मग तिलाच द्या ना ऊब. पांघरूण घाला, तळवे चोळा."

मामी तळवे चोळत बसल्या. मी थेंबाथेंबाने भाचीत उतरलो. हळूहळू तिच्या ओठांवर रंग आला. "मामी, पुरे गं, गुदगुल्या होतायत," ती म्हणाली, तेव्हा कुठे मामी पोटभर रडल्या.

पटलात कुणी कायमचं राहत नाही. मी तिथून सुटलो, भाचीच्या दुधात आलो, दुधातून बाळाच्या पोटात गेलो. आता बाळाच्या करंगळीतल्या एका नव्याकोऱ्या पेशीत आहे.

आज मामा-मामी आले होते. मामी भाचीला म्हणाल्या, "लोणी खा, दूध पी, लाजू नकोस." मामांनी आशेने मान वर केली. "तुम्ही नाही!" आणि मग मामींनी बाळाची करंगळी धरून मुका घेतला.

मामी, मामांच्या ताटात मला वाढू नका, हरकत नाही. पण माझं नाव निघालं की तोंड तेवढं वाकडं करू नका. आत्ता मुका घेतलात ना, त्या करंगळीत मीही होतो.