पेटीच्या आतलं कापड

झुंबर सुतारानं हातगाड्यावरून मयताची पेटी उतरवली, झाकण काढलं, आणि अंगणात जमलेल्यांनी आत डोकावलं. आत नुसतं लाकूड. कोपऱ्यांत भुसा तसाच, एका जागी खिळ्याचं टोक वर आलेलं.

"अरं झुंबर, अर्धीच पेटी आणलीस व्हय?" साखरबाई कडाडल्या. "गादी कुठाय? उशी कुठाय? द्वारकाबाईला काय फळीवर निजवायची?"

"मावशी, मी सुतार हाय, शिंपी न्हाय."

"मग इतकी वर्षं कोण लावत हुतं? देवदूत?"

झुंबरनं उघड्या दारातून घरात पाहिलं. भिगवणच्या मासळी बाजारातून आणलेल्या बर्फावर द्वारकाबाई निजल्या होत्या. उशाशी त्यांची लेक सुवार्ता बसली होती. तो पुढं काही बोलला नाही. बाईंनी त्याच्याकडून तसा शब्दच घेतला होता.

सुवार्ताला सगळं ऐकू येत होतं. इंदापूरच्या त्या लहानशा ख्रिस्ती मंडळीत कुणी गेलं, की आई मांजरपाट घेऊन झुंबरच्या शेडवर जायची. पेटीला आतून अस्तर लावायची, उशी भरायची, आणि लोक पेटी न्यायला येईपर्यंत मयताच्या घरी चूल पेटवायला पोचलेली असायची. पेटी अशी मऊच मिळते, असं सगळ्यांनी धरून चाललेलं. कालपासून सुवार्तानं नातेवाइकांना निरोप धाडले, पाळकांशी बसून गीतं निवडली; पण आज ते काम करणारीच निजली आहे, हे तिच्याही ध्यानात आलं नव्हतं.

लहानपणी कापडाचं दुसरं टोक धरून तीच उभी राहायची. "कुणाला सांगायचं नाही बरं का," आई म्हणायची. "आधीच दुःखात असतात. त्यात आणखी आपले उपकार कशाला?"

बाहेर आवाज चढले. ती गप्प राहिली तर आईचा शब्द राहणार होता आणि झुंबर कामचुकार ठरणार होता. ती उठून दारात आली.

"झुंबरकाकांचा दोष नाही. आतलं सगळं आई करायची."

"आमच्या मालकांच्या येळंला बी?" साखरबाईंनी विचारलं.

"हो मावशी. त्यांच्याही."

साखरबाईंनी तोंडाला पदर लावला. दफनाची वेळ पुढं ढकलता येईल, असं पाळक हळूच म्हणाले. सुवार्ता नको म्हणाली.

आईच्या ट्रंकेत मांजरपाट होतं, धुऊन, घडी घालून ठेवलेलं. पुढं जो कुणी जाईल त्याच्यासाठी. झुंबरनं वर आलेला खिळा काढला, आतून रंधा फिरवला. सुवार्तानं एका कडेला बारीक खिळे मारले आणि कापड पलीकडे ओढलं. मधे झोळ पडला. सोडवून पुन्हा ताणलं; पुन्हा पडला.

"मी बारामतीला शिकायला गेल्यावर हे टोक कोण धरायचं, काका?"

"कुणी न्हाय." झुंबर खाली बघत म्हणाला. "बाई दातांत धरायच्या. गुडघा पेटीत टेकवून."

बारामतीला आधी कॉलेज झालं, मग तिथंच नोकरी. दर नाताळला ती यायची, आणि आई बरी दिसायची. बरी आहेस ना, असं विचारलं की हो म्हणायची. सुवार्ताच्या हातातली हातोडी तशीच राहिली.

कापड अचानक ताठ झालं. पलीकडे साखरबाई जमिनीवर बसल्या होत्या, दोन्ही मुठींत कड आवळून. त्यांच्या मागं दोघीजणी उशीसाठी कापूस पिंजायला घेत होत्या.

"हाण आता," साखरबाई म्हणाल्या. "पर हळू. आमाला बी बघू दे कसं करायचं ते. उद्या तू जाशील बारामतीला. आमी हितंच हाय."

सुवार्तानं खिळा टेकवला. सगळ्या बाया आता पेटीभोवती होत्या. घरात बर्फावर आई एकटीच निजली होती. तिच्याजवळ बसायला कुणी उरलं नव्हतं.