उशाकडचे ठोकळे

सुनेने ताट पुढे ठेवलं तसं सुतारबाबांनी ते आधी हुंगलं.

"तू जेव आधी."

"एकाच पातेल्यातलं आहे, बाबा."

"म्हणूनच म्हणतोय."

सून जेवली आणि ठणठणीत राहिली. बाबांचा संशय उलट पक्का झाला. म्हणजे पातेल्यात नाही, ताटात काहीतरी पडतंय.

बायको जाऊन दोन महिने झाले होते. त्यातला दीड महिना छातीत जळत होतं. आडवं झालं की आंबट पाणी घशाशी यायचं. दोन उशा घेतल्या, तीन घेतल्या. मान आखडली, जळजळ तशीच. बायको होती तोवर असं काही नव्हतं. चूल सुनेच्या हाती गेली आणि हे सुरू झालं. दोन आणि दोन चार.

"एक तर तिचा स्वयंपाक बंद, नाहीतर मी कारखान्यात राहतो. भुशावर झोपेन," त्यांनी मुलाला सांगून टाकलं.

"आधी डॉक्टरांना दाखवा. मग कुठंही झोपा."

डॉक्टरीणबाई जुन्या, ओळखीच्या. बाबांनी सुनेला बाहेर बसवलं. ईसीजी झाला.

"हृदय चांगलं आहे. पण छाती दाबल्यासारखी झाली, घाम फुटला, हात दुखला, तर घरात बसू नका, लगेच या. आत्ता जळतंय ते पोटातलं आम्ल. वर चढतं."

"चढवतंय कोण?"

"कोणी नाही. अन्ननलिकेच्या तळाची झडप सैल आहे."

"दीड महिन्यात सैल झाली?"

"बारा वर्षं झाली. तेव्हा तुम्ही पॉलिशच्या वासाला दोष देत होता. तुमच्या मंडळी येऊन गेल्या होत्या. म्हणाल्या, हा माणूस गोळीतही खोट काढतो, दुसरं काही सांगा. मी म्हटलं, पलंगाचे उशाकडचे पाय वीतभर उचला, आणि जेवण झोपायच्या तीन तास आधी."

बाबांना घरचा पलंग आठवला.

उशाकडच्या पायांखाली दोन ठोकळे होते. "फरशी खचलीय तिथली," बायको सांगायची. दुसऱ्यांच्या घरी दाराला केसभर फरक चालू न देणाऱ्या बाबांनी आपल्या घरात तिच्या शब्दावर विश्वास ठेवला. ती गेल्यावर पंधरा दिवसांनी सहज फरशीवर लेव्हल, उतार दाखवणारी पट्टी, ठेवली. बुडबुडा बरोबर मध्ये! फरशी सपाट. बारा वर्षं खोटं का बोलली? रागाने ठोकळे उपटले, पलंग सपाट केला. जळजळ तेव्हापासूनच.

घरी येताच त्यांनी सुनेला विचारलं, "ते ठोकळे जाळलेस?"

"आईंच्या हातचे होते. ठेवलेत."

बाबांनी ठोकळे हातात घेतले. करवत तिरकी गेली होती. त्यांचीच करवत, न विचारता घेतलेली. एक ठोकळा दुसऱ्यापेक्षा बोटभर उंच. रंधा मारला असता तर दोन मिनिटांचं काम. त्यांनी मारला नाही. तसेच पायांखाली सरकवले. पलंग थोडा डुगडुगला.

"तुला माहीत होतं?"

"नाही, बाबा."

त्यांनी तिच्याकडे रोखून पाहिलं. मग स्वतःशीच म्हणाले, "मला नाही सांगितलं, तुला कशाला सांगेल!"

संध्याकाळी सात वाजताच ताट आलं.

"मी जेवू आधी?" सुनेने विचारलं.

बाबांनी न हुंगता पहिला घास घेतला.

"बरोबरच बस. आणि दहाच्या आत मला आडवं होऊ देऊ नकोस."