विमानतळ, कंपनी आणि माझा डबा

आमचं विमानतळ कसं आहे ते आधी सांगतो, नाहीतर तुम्ही मोठमोठ्या काचा नि सरकते जिने डोळ्यांपुढे आणाल. तसलं काही नाही. एक धावपट्टी, एक टॉवर, एक लांबट हॉल, आणि हॉलच्या कोपऱ्यात आमच्या हिचं कँटीन. दिवसाला दोन विमानं, सकाळी दहाचं नि दुपारी चारचं. सगळं महापालिकेच्या मालकीचं. म्हणजे नळ गळला की पाणीखात्याचा माणूस येणार, आणि तो रजेवर असला तर नळ गळत राहणार.

मी तिथं बावीस वर्षं पक्षी हाकलतोय. कागदावर मात्र मी माळी. महापालिकेत पक्षी हाकलणारा अशी जागाच नव्हती नि माळ्याची एक रिकामी होती, म्हणून तिच्यात मला बसवलं. बागेचं म्हणाल तर हॉलच्या दारात एक कुंडी होती, तीही प्लॅस्टिकच्या फुलांची. अधूनमधून तिच्यावरची धूळ झटकायचो, म्हणजे पगार घेताना मान खाली घालायला नको.

पहिली दोन वर्षं काठी घेऊन पळालो. मी या टोकाला गेलो की पाखरं त्या टोकाला बसणार. दोन वर्षांत मी वाळून काटकी झालो आणि ती गुबगुबीत. मग एक दिवस डोक्यात आलं, की बाबा, यांना हाकलतोस कशाला, जेवायला बोलाव की! धावपट्टीपासून चांगली लांब, कुंपणापलीकडे एक जुनी पाण्याची टाकी आहे. तिच्यामागे ओटा. विमान यायच्या अर्धा तास आधी मी तिथं जायचो, तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा दांडक्यानं बडवायचो, ढणढणढण, आणि कँटीनमधलं उरलंसुरलं ओट्यावर टाकायचो. पाव, दाणे, जे असेल ते. महिन्याभरात कबुतरं, कावळे, चिमण्या, सगळ्यांना कळलं की डबा वाजला म्हणजे पान वाढलं. धावपट्टी अशी मोकळी व्हायची, शाळा सुटल्यावर वर्ग होतो तशी. तेव्हापासून लहानथोर मला ढणढण काका म्हणतात. मॅनेजरसाहेबसुद्धा.

तर महापालिकेनं ठरवलं, विमानतळ चालवायला कंपनीला द्यायचं. जमीन शहराची, कारभार कंपनीचा, वीस वर्षांचा करार. का, तर आमच्यानं नीट चालवणं होत नाही. खोटं कशाला बोलू, नव्हतंच होत. नळाचं मी सांगितलंच.

करार व्हायच्या आधी कंपनीनं एक साहेब पाठवला. तिशीचा, गोरागोमटा, हातात कायम ती काचेची पाटी. त्याला आम्ही टॅबसाहेब म्हणायचो. खुर्च्या किती, पंखे किती, माणसं किती, सगळं पाटीवर टिपायचा. कुंडी मोजली. फुलं प्लॅस्टिकची आहेत हे त्याला हात लावल्यावर कळलं. मग माझ्याकडे वळला.

"काका, तुम्ही इथले माळी ना?"

"कागदावर."

"आणि काम?"

"डबा वाजवतो."

"त्यानं काय होतं?"

"पाखरं उठून जातात."

"बस, एवढंच हवं होतं."

"साहेब, पुढचं ऐका तरी."

"पुढचं लिहायला रकाना नाही काका."

आता मला सांगा, माणसाला रकान्याएवढंच बोलायचं असेल तर बोलावं कशाला? मला राग आला. तोंडात आलेलं मी गिळलं. दुपारी त्यानं टॉवरच्या गच्चीवर उभं राहून पाहिलं. डबा वाजला, पाखरं उठली, धावपट्टी मोकळी. टाकीमागचा ओटा काय तिथून दिसत नाही. त्यानं डब्याचा आवाज फोनमध्ये भरून घेतला आणि खुशीत खाली आला. म्हणाला, "या आवाजाला पक्षी जाम घाबरतात. धावपट्टीच्या कडेनं आठ भोंगे लावू, बटण दाबलं की काम झालं. माणूस लागणारच नाही."

माझ्या नावापुढे शेरा पडला. माळी एक, बाग नाही, गरज नाही. करार होईल त्या दिवशी मी घरी. पेन्शनला तीन वर्षं उरली होती.

घरी आल्यावर हिनं विचारलं, "अहो, मग सांगितलंत का त्यांना, पाखरं घाबरत नाहीत, जेवायला जातात म्हणून?"

"विचारलं तर सांगीन."

"ते विचारणार नाहीत."

"मग मीही सांगणार नाही. बावीस वर्षं काढली इथं, आता काय त्या पाटीपुढे हात जोडू?"

"जोडू नका. तोंड उघडा नुसतं. एरवी कँटीनमध्ये येणाऱ्याजाणाऱ्याला तीच गोष्ट तीनतीनदा ऐकवता!"

मी भिंतीकडे तोंड करून झोपलो. ही म्हणते त्या वेळी माझी पाठसुद्धा फुगलेली दिसत होती.

दोन दिवसांनी भोंगे आले. बसवेपर्यंत संध्याकाळ झाली, पाखरं केव्हाच घरट्यांत गेलेली. टॅबसाहेबानं बटण दाबून पाहिलं. ढणढणढण. एक चिमणी फिरकली नाही. "बघा," म्हणाला, "एकसुद्धा नाही!" आता अंधारात कुठलं पाखरू जेवायला येणार? पण मला कुणी विचारलं नव्हतं. माझा डबा त्यानं स्टोअररूममध्ये ठेवून कुलूप घातलं होतं. डब्यावर कागद चिकटवलेला, भंगार.

दुसऱ्याच दिवशी करारावर सह्या व्हायच्या होत्या. त्या सकाळी मी धुतलेला शर्ट घालून हॉलच्या पायरीवर बसलो होतो. शेवटचा दिवस होता माझा. दहाच्या विमानानं कंपनीच्या मोठ्या बाई येणार होत्या. आमच्या महापौर बाई हातात हार घेऊन उभ्या. लाल जाजम अंथरलेलं, त्याच्या कडेला आमची ती कुंडी, धुऊन पुसून चकचकीत.

साडेनऊला टॅबसाहेबानं बटण दाबलं.

आठ भोंगे एकदम बोंबलले. आणि मग काय सांगू! पाखरं म्हणाली असतील, आज आठ ठिकाणी जेवण! टाकीकडची आली, धान्याच्या गोदामावरची आली, पलीकडच्या बाजारातली आली, ज्यांना मी बावीस वर्षांत पाहिलं नाही असली पाहुणी पाखरंही आली. धावपट्टी काळीकरडी झाली नुसती. कबुतरं भोंग्यांभोवती गिरक्या मारत होती, वाढप्याला शोधत असल्यासारखी.

टॅबसाहेबाच्या कपाळाला घाम. "घाबरत कशी नाहीत?" म्हणाला, आणि आवाज वाढवला. आणखी आली.

खरं सांगतो, पोटातून गुदगुल्या झाल्या मला. म्हटलं, भर आता रकाना. पण कमरेच्या वॉकीटॉकीवर टॉवरमधली ताई ओरडली. आमची ताई विमानांशी बोलते, माझ्या मुलीच्या वयाची, पण सगळे ताईच म्हणतात.

"काका! कुठं आहात तुम्ही? विमान वर घिरट्या घालतंय, एक्केचाळीस माणसं आहेत त्यात. उतरवू कुठं मी?"

गुदगुल्या जिथल्या तिथं मेल्या. एक्केचाळीस माणसं, आणि मी पायरीवर बसून रुसलोय! स्वतःला दोन शिव्या घातल्या आणि उठलो. टॅबसाहेबाला जाऊन धरलं.

"बंद करा ते भोंगे! ती घाबरत नाहीत, जेवायला आलीत!"

"काय?"

"जेवायला! मीच शिकवलंय! बंद करा आधी!"

त्यानं बटण दाबलं. भोंगे गप्प झाले, पण पाखरं हलेनात. जेवायला बोलावलेला पाहुणा न जेवता उठतो का? आता टाकीमागे डबा वाजवल्याशिवाय गत्यंतर नव्हतं, आणि डबा कुलपात. किल्ली टॅबसाहेबाच्या बॅगेत, बॅग गाडीत, गाडी ड्रायव्हरनं धुवायला नेलेली.

तेवढ्यात मागून हॉर्न. ही! जुन्या स्कूटरवर, पदर खोचलेला, पायाशी शिळ्या पावाची पिशवी आणि मांडीवर कँटीनमधला तेलाचा डबा.

"बसा मागे," म्हणाली. "मला ठाऊकच होतं तुम्ही तोंड उघडणार नाही. तेल पातेल्यात ओतूनच ठेवलंय."

"आता उघडलं ना!"

"वेळेवर उघडलंत. बसा!"

बसलो. ती स्कूटर पळवतेय, मी मागे उलटा बसून डबा बडवतोय. ढणढणढण. आधी चारदोन कबुतरं उठली. मग शंभर. मग सगळा थवा उठला आणि आमच्या डोक्यावरून निघाला. आम्ही हॉलसमोरून गेलो तेव्हा आकाश झाकलं होतं. महापौर बाईंना वाटलं कार्यक्रमातलंच आहे काहीतरी. त्यांनी टाळ्या वाजवल्या. एका कावळ्यानं हारावर प्रसाद सोडला, ते त्यांच्या नंतर लक्षात आलं.

टाकीमागे पाव टाकला, पाखरं तुटून पडली, आणि वॉकीटॉकीवर ताईचा आवाज आला, "उतरलं, काका."

मी ओट्यावर मटकन बसलो. हिनं पिशवीतला एक बरा पाव काढून माझ्या हातात दिला. पाखरांबरोबर मीही खाल्ला.

मोठ्या बाई उतरल्या त्या थेट आमच्याकडेच चालत आल्या, उंच टाचांनी, गवतातून. "वरून पाहिलं मी सगळं," म्हणाल्या. "कोण तुम्ही?"

मागून धापा टाकत टॅबसाहेब आला. म्हणाला, "माळी आहेत." मग मान खाली घालून म्हणाला, "नाहीत. मी पुढचं विचारलंच नव्हतं."

तेवढं म्हणाला म्हणून माझा राग गेला बघा. मीही म्हटलं, "बाई, चूक माझीही आहे. मला ठाऊक होतं नि मी गप्प बसलो." सगळं सांगितलं, काठीपासून भोंग्यांपर्यंत. बाईंनी मध्ये एकदाही तोडलं नाही.

सह्या दुपारी झाल्या, एक पान जास्त जोडून. त्यात माझी जागा, पक्षी हाकलणारा अशीच, पेन्शनपर्यंत. खाली आणखी एक ओळ हिनं घालून घेतली, की डबा भंगारात काढायचा नाही. आणि बाईंनी वर एक काम लावलं. जाण्याआधी मी दुसऱ्या कुणाला तरी तयार करायचं.

म्हणून आता रोज सकाळी साडेनऊला टॅबसाहेब टाकीमागे येतो. पाटी ओट्यावर ठेवतो, डबा हातात घेतो. दहा वेळा विचारतो, "मग पुढे काय काका?" मला बोलायला रान मोकळं! पण हात काही त्याचा वळत नाही अजून. दाराबाहेर उभं राहून टकटक करावी तसा वाजवतो. पाखरं तिकडं धावपट्टीवर बसून मान तिरकी करून नुसती बघतात.

मी म्हणतो, "जोरात वाजवा हो साहेब! जेवायला बोलावताय त्यांना, परवानगी मागत नाही!"