आपल्या पायांनी

मेलेल्या माणसानं तिसऱ्या रिंगला फोन उचलला.

"कोण बोलतंय?"

रेकॉर्डरूमच्या बाईंनी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. पलीकडे करवत चालल्याचा आवाज येत होता.

"तुम्ही तीन महिन्यांपूर्वी आमच्याकडे चार नंबर वॉर्डात होतात ना? न्यूमोनियासाठी?"

"होतो की. काही विसरलो का तिथं?"

"नाही हो. तुम्ही जिवंत आहात ना, एवढंच विचारायचं होतं."

"थांबा, बायकोला विचारून सांगतो," म्हातारा सुतार म्हणाला.

बाई हसल्या आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. गेल्या आठ दिवसांत त्या पहिल्यांदाच हसत होत्या.

देशभरातल्या रुग्णालयांची माहिती गोळा करणाऱ्या सर्वेक्षणात यंदा त्यांचं रुग्णालय निवडलं गेलं होतं. चार नंबर वॉर्डातल्या साठ रुग्णांचे फॉर्म भरायचे होते. आजार काय, उपचार कोणते, शेवटी काय झालं. घरी गेला तर एक, दगावला तर दोन. काही नावांपुढे दुसऱ्या पाळीच्या नर्सनी 'डिस्चार्ज' लिहिलं होतं, तिथं बाईंनी एक टाकला. बाकीच्या नावांपुढे मोठ्या सिस्टरांचं टपोरं अक्षर होतं. तीन ठिकाणी 'वारले' आणि अडतीस ठिकाणी 'गेले'. बाई पडल्या सभ्य घरातल्या. त्यांच्या घरात कोणी कधी मेलं नव्हतं, सगळे गेलेच होते. एकेका नावावर चुकचुकत त्यांनी अडतीस वेळा दोन लिहिला.

मग वरून पत्र आलं. साठात एक्केचाळीस मृत्यू. शुक्रवारी अधिकारी येतील. समाधान झालं नाही तर वॉर्ड बंद.

पत्र वाचून मोठ्या सिस्टर खुर्चीत बसल्याच. एकतीस वर्षं त्यांनी तो वॉर्ड सांभाळला होता.

"अगं, माझे तीनच दगावले. तिघांचीही नावं सांगते तुला. बाकीचे आपल्या पायांनी गेले!"

बाईंनी जुनं रजिस्टर काढलं. पानोपानी तेच वाक्य होतं: 'आपल्या पायांनी गेले.' नव्या रजिस्टरात तो रकाना जेमतेम दोन बोटं रुंद. पहिले दोन शब्द जागेअभावी गळाले होते आणि त्यांच्यासोबत अडतीस माणसं.

"सिस्टर, चूक माझी आहे," बाई म्हणाल्या.

"आधी कागद शोध. रडायचं ते शुक्रवारनंतर."

घरी जाताना रुग्ण सही करतो, ते कागद तळघरात गठ्ठ्यांनी पडले होते. धुळीनं शिंकून शिंकून बाईंचं नाक लाल झालं. सदतीस सापडले. सुताराचा मात्र काही केल्या मिळेना, म्हणून हा फोन. शुक्रवारचं सगळं ऐकून 'बघतो' एवढंच तो म्हणाला.

शुक्रवारी अधिकारी आले. मोजून मापून बोलणारे, चष्मा नाकाच्या टोकावर. त्यांनी प्रत्येक सही रजिस्टरशी ताडून पाहिली. चहा गार झाला तरी मान वर केली नाही.

"अडतिसावा?"

"त्यांच्याशी मी फोनवर बोलले, साहेब."

"फोनवर कोणीही बोलेल, बाई."

इतक्यात दारात धापा टाकत सुतार उभा राहिला. काखेत एक नवंकोरं लाकडी स्टूल.

"अडतिसावा मीच. लिफ्ट बंद आहे तुमची. तीन मजले चढून आलो." त्यानं स्टूल मोठ्या सिस्टरांपुढे ठेवलं. "वरच्या कपाटाला तुमचा हात पुरत नव्हता, तेव्हाच ठरवलं होतं."

अधिकाऱ्यांनी चष्मा काढला. "मग दोन कोणी लिहिला?"

"शब्द माझा होता," सिस्टर म्हणाल्या.

"वाचला मी," बाई म्हणाल्या. "न विचारता. लिहून घ्या, साहेब."

त्यांनी लिहून घेतलं. मग एक्केचाळीसवर काट मारून तीन लिहिला आणि त्या आकड्याकडे जरा वेळ बघत राहिले.

"साठ रुग्णांत इतके कमी मृत्यू मी अजून कुठल्याच वॉर्डात पाहिले नाहीत," ते म्हणाले.

सिस्टर त्या नव्या स्टुलावर बसल्या.

वर्ष सरायच्या आत नवे फॉर्म आले. बाई एक फॉर्म घेऊन धावतच वॉर्डात गेल्या. देशभरच्या रुग्णालयांत जाणाऱ्या त्या कागदावर आता छापलं होतं: 'एक: आपल्या पायांनी घरी.' त्याखाली, 'एक-अ: आधारानं घरी.' आणि रकाना चांगला हातभर रुंद.

सिस्टरांनी ते दोनदा वाचलं. मग फॉर्म उंच धरून साऱ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात तिसऱ्यांदा वाचला. खाटांवरून टाळ्या पडल्या. कशाबद्दल ते अर्ध्यांना ठाऊक नव्हतं.

"बरं, जाते मी," बाई डोळे पुसत म्हणाल्या.

"येते म्हण बाई, येते," सिस्टर ओरडल्या. "नाहीतर कोणीतरी दोन लिहील!"