कुलूप न घेणारी गाडी

नीराबाईंची नवी गाडी कुलूप घेत नाही, ही बातमी थळच्या कोळीवाड्यात सकाळच्या चहाआधीच घरोघरी पोचली.

निळ्या रंगाची ती गाडी आदल्या संध्याकाळी शोरूममधून आली होती. वाड्यातली ही पहिलीच गाडी, जिच्या दाराला चावीचं भोक शोधावं लागत नव्हतं. चावी नुसती जवळ ठेवायची. हँडलवरच्या बारीक रेघेवर बोट दाबलं की चारही दारं बंद होतात आणि दोन्हीकडचे आरसे मिटतात. हँडलच्या आत हात घातला की आरसे उघडतात, दारं उघडतात. हे बघायला संध्याकाळी एवढी माणसं जमली की पूजेचा नारळ फोडायला जागा करून घ्यावी लागली. पूजा झाल्यावर दोन्ही चाव्या देव्हाऱ्यात ठेवल्या होत्या. पहाटे त्यातली एक सुचिताने उचलली आणि ड्रेसच्या खिशात टाकली.

तिला झोप लागलीच नव्हती. गाडी पहिली हरिहरेश्वराला न्यायची आणि ती सुचिता चालवणार, असं आईने वाड्यात सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. दर्शन झालं की दुसऱ्या दिवसापासून मायलेकी याच गाडीतून मासळी घेऊन रेवदंड्याच्या बाजारात जाणार होत्या. लायसन्स हातात आल्यापासून सुचिता याच दिवसाची वाट बघत होती.

आणि आता विनेश, तिचा मोठा भाऊ, दार उघडून, बंद करून, परत उघडून दाखवत होता.

"बघ आये. बंद केली. आरसे मिटले. आता ओढतो." त्याने हँडल ओढलं. दार उघडलं. "ही काय गाडी हाय? ही धर्मशाळा हाय."

"चावी तुझ्याच खिशात हाय, दादा," सुचिता म्हणाली. निघण्याआधी एकदा बघतो म्हणून त्याने ती तिच्याकडून मागून घेतली होती.

"मग कुठं असायला पायजे? समुद्रात?"

ओट्यावर बसलेले सदूकाका हसले. एके काळी होड्यांवर तांडेल म्हणून, म्हणजे होडी हाकणारा प्रमुख म्हणून गेलेला हा म्हातारा आता वाड्यातल्या प्रत्येक भांडणाला पुढच्या रांगेत असायचा. "विन्या, गाडीला कुलूप नसलं तर बरं. चोराला काच फोडायची मेहनत न्हाय."

विनेश बर्फाचा टेम्पो चालवायचा, दुसऱ्याचा. घरात गाडी घ्यायची तर टेम्पोच घ्या, हे तो पहिल्यापासून सांगत होता. आता त्याच्या हातात आयतं कारण आलं होतं. "मी आत्ताच शोरूमला नेतो आन् परत करतो. त्याबदल्यात टेम्पो घेऊ. कडी लावली की लागली, उघडली की उघडली."

टेम्पो आला तर तो विनेशच चालवणार, हे कुणी बोलायची गरज नव्हती. सुचिताने आईकडे बघितलं.

नीराबाई सकाळपासून ड्रायव्हरच्या दाराशेजारी गाडीला टेकून उभ्या होत्या. नऊवारीचा काष्टा कसलेला, अंबाड्यात अबोलीचा गजरा, एक हात गाडीच्या टपावर. येणारी-जाणारी बाई थांबली की त्या हात तसाच ठेवून बोलायच्या. आता मात्र त्यांचा चेहरा उतरला होता. "दार न लागणारी गाडी बाजारात कशी उभी करू? मासळी विकू का गाडी राखू?" त्या म्हणाल्या. "विनेश म्हनतो ते खरं हाय. ने परत."

"आये, थांब जरा," सुचिता म्हणाली. "दादाचा चहा होईपर्यंत थांब. तोवर न्हाय जमलं तर मीच बसून जाते त्याच्याबरोबर शोरूमला."

विनेशने चावी तिच्या हातावर ठेवली आणि चहाचा कप उचलला. तो घाईने पीत नव्हता. त्याला खात्री होती.

सुचिताचं डोकं चालत होतं. शोरूममधल्या माणसाने सांगितलेलं एक वाक्य तिने लक्षात ठेवलं होतं: गाडी हाताला उघडत नाही, चावीला उघडते; चावी दारापासून हातभर अंतरात असली की बास. म्हणजे खिशात चावी ठेवून दार ओढणं ही परीक्षाच चुकीची. चावी जवळ आहे, तर गाडी उघडणारच. गाडीने आपलं काम नीट केलं, इतकंच.

तिने रेघेवर बोट दाबलं. आरसे मिटले. मग ती ओट्यापाशी गेली आणि चावी सदूकाकांच्या हातात दिली. "काका, ही घेऊन त्या बोंबलांच्या काठ्यांपाशी जाऊन उभे राहा. मी हाक मारीपर्यंत येऊ नका."

"मला कशाला पिटाळतेस गो?"

"तुमच्यावर विश्वास हाय म्हणून."

काका खूश होऊन गेले. पार वाळूच्या कडेला, जिथे बोंबील वाळत टांगलेले होते तिथे जाऊन त्यांनी चावी उंच धरली, जशी काय बंदराला बत्तीच दाखवत होते. वाटेवरच्या दोघी बायका टोपल्या खाली ठेवून थांबल्या.

सुचिता आईच्या शेजारून वाकली आणि हँडल ओढलं.

आरसे उघडले. दारही उघडलं.

विनेशने कप खाली ठेवला. "झालं?"

सुचिताचे कान तापले. एवढ्या माणसांसमोर, आणि नेमकं आज. पण काहीतरी चुकत होतं. चावी वाळूवर होती, ती तिला इथून दिसत होती. मग गाडीने कुणाला ओळखलं? तिने काकांना हाक मारून चावी आणवली, गाडी पुन्हा बंद केली, पुन्हा त्यांना पिटाळलं. काका कुरकुरत गेले. या वेळी ती गाडीला वळसा घालून पलीकडच्या दारापाशी गेली.

ओढलं. दार हललंसुद्धा नाही.

दोन्ही हातांनी ओढलं. बंद.

ती धावत अलीकडे आली. ओढलं. उघडलं.

"दादा," ती म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "त्या बाजूचं बंद राहतं. या बाजूचं उघडतं. या बाजूला काय हाय?"

"काय हाय? आये हाय."

दोघांनी एकदमच आईकडे बघितलं. सुचिताची नजर आईच्या चेहऱ्यावरून कमरेला खोचलेल्या कापडी पिशवीवर आली.

"आये, दुसरी चावी कुठं हाय?"

"कुठं म्हनजे?" नीराबाईंनी पिशवीवर हात ठेवला. "जिथं असायला पायजे तिथं. होडीच्या इंजिनाची एक चावी तांडेलाकडं, एक मालकिनीच्या कमरेला. तुझ्या बापाच्या वेळेपासून तसंच हाय. तू उठलीस तेव्हाच देवापुढनं उचलली मी."

सुचिता मटकन ओट्यावर बसली आणि हसायला लागली. विनेशला अजून कळलं नव्हतं. "म्हणजे काय झालं?"

"म्हणजे सकाळपासून गाडी आयेला दार उघडून देतेय. आपण नुसते हात लावतोय."

आता खरी परीक्षा बाकी होती, आणि तिला नीराबाई तयार होईनात. "काल आणलेली माझी गाडी, आन् मलाच लांब जायला सांगता?" पिशवी काढून दे म्हटलं तर ती भरदिवसा चारचौघांत कमरेची निघणार नव्हती. शेवटी सुचिताने रेघेवर बोट दाबून गाडी बंद केली आणि त्या स्वतःच चालत वाळूपर्यंत गेल्या, सदूकाकांच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या आणि तिथूनच ओरडल्या, "विनेश, तू ओढ. तिचा हात हलका हाय."

विनेशने ओढलं. बंद. मागचं दार, बंद. पलीकडची दोन्ही, बंद. डिकी, बंद. त्याने ड्रायव्हरचं हँडल धरून पुन्हा असा हिसका दिला की अख्खी गाडी डुलली, पण आरसे मिटलेलेच राहिले. टोपल्यावाल्या बायकांपैकी एक म्हणाली, "सोड रे, तुटंल."

नीराबाई जवळजवळ धावतच परत आल्या. "लागलं?"

"लागलं," विनेश म्हणाला. त्याने हँडल सोडलं. एवढंच.

"पण आये," सुचिता म्हणाली, "बाजारात तू गाडीला टेकूनच बसणार. तुझ्या कमरेला चावी असली तर ज्यानं हात घातला त्याला दार उघडणार. गाडीबरोबर एकच चावी पायजे."

मालकिणीने चावी सोडायची, हे वाड्यात कुणी केलेलं नव्हतं. नीराबाईंनी गाडीकडे बघितलं, लेकीकडे बघितलं, मग पाठ फिरवून पिशवीचं तोंड सोडलं आणि चावी विनेशच्या हातात दिली.

"आतल्या खोलीतल्या कपाटात ठेव. देव्हाऱ्यात नको, तो भिंतीला लागून हाय आन् भिंतीपलीकडं गाडी उभी असते. आन् चप्पल घाल. तू मागं बसायचंस."

सुचिताने काकांकडून चावी घेतली. ब्रेकवर पाय दाबला, बटण दाबलं आणि गाडी सुरू झाली. नीराबाई पुढे बसल्या. पट्टा त्यांनी दोनदा ओढून बघितला. विनेश मागे येऊन बसला, दार लावलं, आणि गाडी वाड्याच्या बाहेर वळेपर्यंत कसाबसा गप्प राहिला.

"येताना मी चालवू?"

"मला काय इचारतोस?" नीराबाई समोर बघत म्हणाल्या. "चावी तिच्याकडं हाय."